वाचणाऱ्याने लिहायचं नाही

शांतवनकाका पुस्तकाचं पान रुमालाने उलटायचे. पांढरा रुमाल बोटावर गुंडाळायचा, पानाचा कोपरा हलकेच उचलायचा, आणि पान उलटलं की रुमाल पुन्हा मांडीवर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते ढोंग वाटलं. मग त्यांचे हात दिसले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात ते बफिंगला होते. फिरत्या चाकावर ताटंवाट्या धरून चकचकीत करायच्या आणि उडणारी काळी पूड अंगावर घ्यायची. ती पूड त्यांच्या हाताच्या रेषांत आणि नखांच्या कडांत कायमची बसली होती. रॉकेल झालं, राख झाली, लिंबू झालं. "ताटं उजळली, हात राहिले," म्हणायचे.

अठ्ठ्याऐंशी साली मी आणि रूथ लग्नानंतर तिथेच खाडीच्या कडेला एका बैठ्या चाळीत राहायला आलो. काका आमच्या शेजारच्या खोलीत. मूळचे जालन्याकडचे, आमच्यासारखेच मराठी ख्रिस्ती. चाळीत सगळ्या तऱ्हेचे लोक होते. समोर गायकवाड, ते बौद्ध, तेही मराठवाड्यातले. कोपऱ्यावर दुकानदार गुजराती, त्याच्याशी सगळे हिंदीत बोलायचे. काका मात्र आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने त्यालाही "सलाम शेठ" म्हणायचे आणि पुढचं सगळं मराठीत.

काकांच्या घरात पत्र्याचं एक कपाट होतं. त्यात चाळीसेक पुस्तकं असतील, बहुतेक ख्रिस्ती जीवनाबद्दलची. सगळ्यांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं, आणि वर छापलेल्या नावाऐवजी काकांनी स्वतः घातलेलं एकेका शब्दाचं नाव. 'जीभ'. 'वेळ'. 'राग'. 'घर'. आत काय आहे ते त्यांनी एका शब्दात उतरवून ठेवलं होतं. पुस्तक कुणालाही मिळे, जातधर्म न विचारता. अट एकच. परत देताना शेवटच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहायची. "वाचलंस ते मला सांगू नको, लेकरा. मीही वाचलंय. केलंस काय, ते लिही."

ती शेवटची पानं फार मजेची होती. 'सवय' वर गायकवाडांनी लिहिलं होतं: "आठ दिवस तंबाखू सोडली. नवव्या दिवशी खाल्ली." काकांनी ती ओळ सगळ्या चाळीला वाचून दाखवली. "हा खरा माणूस. आठ दिवस म्हणजे काय कमी झाले?" गायकवाड म्हणाले, "काका, पुस्तक तुमच्या देवाचं असेल, तंबाखू माझी आहे." 'घर' वर पहिली ओळ खुद्द काकांची होती: "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा हिला विचारलं, तू जेवलीस का." आत काकू भांडी लावत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आणि मी म्हटलं, आज काय मागायचंय?"

स्वतः काका रोज एकच पान वाचत. संध्याकाळी सातला, हातपाय धुऊन, दारात बसून, मोठ्याने. "जास्त वाचलं की डोक्यात जातं. एक पान वाचलं की घरात येतं."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. त्या वर्षांत मी रूथवर दोन-तीनदा हात उचलला होता. मी काशिमिऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. साहेबाचं ऐकून घ्यायचं आणि घरी यायचं. जेवण थंड, पाणी गेलं, असलं काहीही कारण पुरायचं. रविवारी मात्र मी उपासनेत पेटी वाजवायचो. मंडळीत माझी चांगली पत होती.

काकांनी मला 'घर' दिलं. मी ते एका रविवारी दुपारी वाचून काढलं, सबंध. चांगलं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं: "घरात हात उचलणं बंद केलं. सुधीर." लिहिताना मला ते खरं वाटलं. उद्यापासून करणारच आहोत, मग आजच लिहिलं तर काय, असं काहीसं.

काकांनी ती ओळ वाचली आणि त्यांचे डोळे भरले. "एवढं कुणी कबूल करत नाही रे. बुधवारी घरसभेत साक्ष दे."

साक्ष म्हणजे आमच्याकडे, देवाने आपल्या आयुष्यात काय पालटलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. मी उभा राहिलो. चांगलं बोललो. मी कसा होतो आणि आता कसा आहे. लोक "आमेन" म्हणाले. पाळकसाहेबांनी पाठीवर थाप मारली. रूथ दुसऱ्या रांगेत चटईवर बसली होती, गीतांचं पुस्तक मांडीवर उघडं. तिने आमेन म्हटलं नाही. तिने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

त्याच आठवड्यात माझा हात उचलला गेला. असं वाक्य लिहायची मला सवय आहे, म्हणून पुन्हा लिहितो. त्याच आठवड्यात मी रूथला मारलं.

नळावर काकूंनी पाहिलं. रूथ डाव्या हाताने हंडा उचलत होती. काकूंनी तिचं उजवं मनगट धरलं आणि बांगड्या मागे सारल्या. रविवारी दुपारी काका आमच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, आत येऊन खाली बसले. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बाई," ते रूथला म्हणाले, "माझं चुकलं."

"तुमचं काय काका?"

"घर तुमच्या दोघांचं, आणि साक्ष मी एकट्या ह्याची घेतली. तुला विचारलंच नाही. भर सभेत तुला ते ऐकत बसवलं मी."

मी म्हणालो, "काका, ते असं झालं की..."

"तू थांब जरा. तुझं बोलणं ऐकलंय बुधवारी."

पुढच्या घरसभेत ते स्वतः उभे राहिले. म्हणाले, पुस्तकाच्या पानावर लिहिण्याचा नियम मी चुकीचा केला होता. आजपासून वाचणाऱ्याने लिहायचं नाही. ज्याच्यासोबत तो राहतो, त्याने लिहायचं. जेव्हा वाटेल तेव्हा. वाटलं नाही तर नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. चाळीत ही बातमी पोचल्यावर गायकवाड ओरडले, "म्हणजे आमची मिसेस लिहिणार? मेलोच!" सगळे हसले. आमच्या खोलीत कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून काका सातचं पान आमच्या दारात येऊन वाचू लागले. गाळ्यातून यायचे, हात धुवायचे, आमच्या उंबऱ्यावर बसायचे. एक पान वाचायचे, "चल, सलाम" म्हणून उठायचे. त्या विषयावर एक अक्षर नाही. मला राग यायचा. हा काय पहारा? एकदा म्हणालोही, "काका, तुमच्या घरी उंबरा नाही का?"

"आहे की. तिथे आता तुझी काकू वाचते."

असे ते चार वर्षं आले. पावसाळ्यात दारात पाणी साचलं की पाटावर बसून वाचायचे. आमचा मुलगा त्यांच्या आवाजावर बसायला आणि उभं राहायला शिकला. मी कधी थांबलो, शेवटची वेळ कुठली, मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पुढे पुढे सात वाजले की मी पाट मांडून ठेवू लागलो होतो.

सत्त्याण्णवला काका गेले. छातीत ती पूडच साचली होती. शेवटी शेवटी त्यांना पुस्तक धरवत नसे, म्हणून मी दवाखान्यात जाऊन एक पान वाचायचो. पान उलटायला लागलो की म्हणायचे, "रुमाल घे."

"माझे हात स्वच्छ आहेत काका."

"दिसतात स्वच्छ," ते म्हणाले आणि हसता हसता खोकले. "म्हणून तर म्हणतो, घे."

मी रुमाल घेतला.

ते गेल्यावर काकूंनी कपाटातली पुस्तकं वाटली. 'घर' आमच्याकडे आलं. शेवटचं पान उघडलं. माझी ओळ तशीच होती, कुणी खोडली नव्हती. तिच्याखाली रूथच्या अक्षरात दोन शब्द: "अजून नाही." आणि पानाच्या कोपऱ्यावर काळ्या अंगठ्याचा ठसा. त्या सबंध कपाटात कुठल्याही पानावर दुसरा ठसा नव्हता.

मी रूथला विचारलं, "हे कधी लिहिलंस?"

"ते माफी मागून गेले ना, त्यानंतर दोन दिवसांनी. तू कामावर होतास. ते पुस्तक घेऊन आले."

"आणि हा ठसा?"

"रुमाल माझ्याकडे होता," ती म्हणाली.

त्याखालची जागा अजून कोरी आहे. मी तिला कधी लिही म्हटलं नाही. वाटेल तेव्हा लिहायचं, हा नियम. आता आमचा मुलगा नोकरीला लागलाय, मीही पन्नाशी ओलांडली. काकांबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. एवढं लिहून झालं आणि कागद रूथपुढे ठेवले. तिने सगळे वाचले. मग पेन मागितलं. वरचं मी काही बदललेलं नाही. तिने खाली लिहिलं ते असं:

"दोन-तीनदा नाही. अकरा वेळा. साक्षीच्या आधी सात, नंतर चार. त्यानंतर नाही. रूथ."