दोनाचा पाचवा घात

आत्या गेली, आणि फॅमिली ग्रुपवरच्या पहिल्याच मेसेजमध्ये गणित चुकलं.

"कापसाच्या तेजीत गाडीला चांदीची धाव बसवणाऱ्या थोर पुरुषाच्या वंशज, कुमुदताई, अकोला."

आत्यानं शाळेत अख्खा जन्म गणित शिकवलं. ते मेसेजमध्ये नाही. चांदी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १८६०नंतर अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडात चार-पाच वर्षं पैसाच पैसा झाला. तेव्हा बाबांच्या खापरपणजोबांनी म्हणे बैलगाडीच्या चाकांना लोखंडी पट्टीऐवजी चांदीची धाव बसवली.

चांदी कधीच झिजली. कौतुक झिजायचं नाव घेत नाही.

आत्या प्रेमळ वगैरे नव्हती हो. उगाच कॉमेंटमध्ये "मायेचा सागर" लिहू नका.

आठवीत मी अकोल्याला तिच्याकडे राहून तिच्याच शाळेत होते. दोनाचा पाचवा घात दहा लिहिला, तर सख्ख्या भाचीला तिनं भर वर्गात उभं केलं.

"दोन पाच वेळा मिळवले तं दहा. पाच वेळा एकमेकानं गुणले तं बत्तीस. समजलं का?"

नाही समजलं. माझ्या लग्नापर्यंत नाही समजलं.

मुलगा दर्यापूरचा. अमरावतीला कॉलेजात भेटला. नोकरी बरी, माणूस त्याहून बरा. दोष एकच. त्याचे आजोबा लहानपणी कुठूनतरी एकटेच दर्यापूरला आले होते. त्यांच्या मागचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाबा भडकले. "ज्याचा पंजोबा कोन ते माहीत नाही, त्याले पोरगी देऊ? आपलं खानदान पाच पिढ्यांचं हाय!"

मी जेवण सोडलं. आईनं आत्याला फोन केला.

आत्या अकोल्याहून पहिल्या बसनं अमरावतीला आली. चहासुद्धा न घेता पर्समधून खडू काढला आणि अंगणातल्या फरशीवर बसली.

"भास्कर, तुह्या पोरीपासून पाच पिढ्या मागं जा. त्या पिढीत तिचे पूर्वज किती?"

"दर पिढीले दोन. दहा."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रक्ताचा गुण कुठून आला ते तिला कळलं.

"अरे, तिले मायबाप दोन. त्या दोघायले दोन-दोन, झाले चार. मंग आठ. सोळा. बत्तीस! त्यातला एक तुहा चांदीवाला. बाकीचे एकतीस कोन?"

"बाई, नात्यानात्यात लग्नं झाली. येवढे नसतीन."

"बरं, सूट घे. पंचवीस धर. चोवीस सांग."

बाबांनी पुन्हा चांदीवाल्याच्याच रेघेवर बोट टेकवलं.

"तेही राहू दे. आपल्या मायच्या मायचं नाव सांग."

त्या आजीला सगळे मोर्शीची बुढी म्हणायचे. नाव कोणी घेतलंच नव्हतं.

"तुले तरी माहीत हाय का?" बाबा उसळले.

"नाही. पन म्या कोनाले खानदान सांगून राहिली? तू दुसऱ्याच घाताले अडकला, आन् त्या पोराले तिसरा इचारतं!"

बाबांनी त्या खडूच्या रेघा खालून वर पुन्हा मोजल्या. मी दारात उभी. माझं सगळं आयुष्य त्या फरशीवर.

शेवटी उठले. "बत्तीस मान्य. पोरगा मान्य नाही."

मी आत्यावर चिडले. काय उपयोग झाला तुझ्या गणिताचा?

"उत्तर बरोबर आलं ना? मंग थांब."

दोन महिने थांबले. एक दिवस बाबा कोणाला न सांगता मोर्शीला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, पाय धुतले, पाणी प्यायले.

"गुणाबाई," म्हणाले.

"कोण?"

"मायची माय."

पेला खाली ठेवून म्हणाले, "त्या पोराले रविवारी बोलाव. मी मागचं काही इचारत नाही."

मी रडत आत्याला फोन केला. वाटलं, आता तरी काही गोड बोलेल.

"एक सापडलं. बाकीच्यायचं काय?" आणि फोन ठेवला.

अशी बाई.

आज दुपारी अकोल्यात तिला न्यायची वेळ झाली, तेव्हा प्रश्न निघाला. मडकं कोणी धरायचं? आत्यानं लग्न केलं नव्हतं. कडक इस्त्रीचे चार चुलतभाऊ पुढे आले. "आपल्या खानदानातलाच पाहिजे."

बाबा काठी टेकत उठले. मडकं उचललं आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं.

"जावई? हे रीत कुठली?" मागून कोणीतरी.

बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

"फडक्यानं धर रे," त्याला म्हणाले. "चटका बसते."

कुमुदआत्या, फार छळलंस.

ग्रुपच्या वतीनं नाही, फक्त माझ्या वतीनं, मनापासून तुला निरोप.