मरोदाच्या चिखलात पाय

आज सकाळी माझ्या चहात पावसाचं पाणी पडलं. या घोर अन्यायाची दाद कुठे मागायची, मित्रहो?

थंडीपावसात साळ्यासोबत मरोदाच्या तलावावर गळ टाकून बसलो होतो. अडकलेला गळ सोडवायला खाली उतरलो आणि चिखलात मांडीपर्यंत रुतलो. जितका हललो, तितका खाली गेलो. पाणी छातीला लागलं, पाय जाणवेनासे झाले.

"गजू, मले सोडून जाऊ नको!"

"हालू नका भाऊजी! ताईले काय सांगू, मासोळीनं जवाई नेला म्हणून?"

काठावर पालथं पडून त्यानं बांबू पुढे केला. स्वतःच्या चपला चिखलात गेल्या, तरी ओढत राहिला.

आता रजईत आहे, तरी पायाखाली जमीन नाही असंच वाटतं. तुमची अशी भीती कशानं गेली?

मघाशी माझ्या नव्या चपला गजूच्या दारात ठेवल्या आणि बेल न वाजवता परतलो.