सोनाळ्याचा सिमेंटचा ओटा

दौरा हा शब्द गिटारवाल्याचा. तो पुण्यात राहतो, त्यामुळे त्याला साध्या गोष्टीला साधं म्हणवत नाही. खामगाव, नांदुरा आणि सोनाळा, एवढाच आमचा दौरा. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी खामगावात रॉक बँड काढला होता. मी ड्रमवर, तो गिटारवर आणि तिसरा आमचा गायक. लोक बँडबाजावाले समजून बोलवायचे आणि वरातीत पुढे चालणार की मागे, असं विचारायचे. मग गिटारवाला नोकरीला गेला, मी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो आणि गायक कापसाच्या एका जिनिंगमध्ये मशीनवर लागला. बँड मोडला असं कोणी म्हणालंच नाही. नुसतं भेटणं बंद झालं.

पुन्हा जमायची टूम गायकाचीच. जिनिंगच्या धडधडाटात सगळी उमेदीची वर्षं काढून त्याचे कान गेले होते.

"डाव्यानं थोडंसं येते अजून," तो म्हणाला. "तेही जाईन, असं डॉक्टर म्हणते. त्याच्या आधी मले एकदा सोनाळ्यात गायचं हाय. मायनं आयकलंच नाही मले कधी."

सोनाळा त्याचं गाव. कॉलेजच्या दिवसांत तिथं जायचं राहूनच गेलं होतं. आता नाही म्हणायची आमची काय टाप!

सराव माझ्या दुकानावरच्या लाकडी माळ्यावर चालायचा. तो चपला काढून गायचा. पूर्वी हाच माणूस भर उन्हाळ्यात काळे बूट घालून मिरवायचा. मी चिडवलं, "काऊन बे, देवळात आला काय?" तो नुसता हसला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण ठेक्यावर असा चपखल बसायचा की डॉक्टरला काही कळत नाही अशी माझी खात्रीच झाली.

खामगावात फळ्यांचा स्टेज होता. जुने हॉस्टेलवाले पोटं सांभाळत नाचले. आमची एक जुनी रीत होती. धृपदाला तो डोळे मिटून माईक लोकांपुढे धरायचा, लोक गायचे, आणि मी ड्रमवर एक दणदणीत ठोका दिला की तो माईक परत तोंडाशी न्यायचा. इतक्या वर्षांनंतरही त्याचा हात बरोबर ठोक्याला वळला. नांदुऱ्यात माणसं कमी होती, पण स्टेज फळ्यांचाच, आणि तिथंही तो चुकला नाही. गिटारवाला तर अकोल्या-नागपूरच्या गोष्टी करायला लागला.

सोनाळ्यात शाळेपुढचा सिमेंटचा ओटा मिळाला. मला आनंदच झाला. फळ्यांवर माझे ड्रम सरकतात, हा कसा पक्का होता!

संध्याकाळी माय नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत येऊन बसली. त्यानं चपला काढल्या. मी ठेका धरला. तो सुरूच होईना. ओट्यावर तळवे इकडेतिकडे सरकवत राहिला, अंधारात चप्पल शोधावी तसा. मग त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि तो गायला लागला. ठेका एकीकडे, तो भलतीकडेच. मागची पोरं हसायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तो माझा ड्रम तळपायांनी ऐकत होता. फळ्या थरथरायच्या, त्यावर तो गायचा. सिमेंट थरथरत नव्हतं. बरं, एका शब्दानं आम्हाला सांगेल तर शपथ! त्याचा असा राग आला मला!

धृपद आलं. त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि माईक लोकांपुढे धरला. सोनाळ्यात आमची गाणी कोणाला येणार? सगळे गप्प. मी ठोका दिला. पुन्हा दिला. काठी तुटेल एवढ्या जोरानं दिला. तो तसाच उभा, डोळे मिटून, हसऱ्या तोंडानं. आपलं गाव गातंय असं त्याला वाटत होतं. मला रडू आवरेना.

मी ड्रम सोडून उठलो, त्याच्या मागे गेलो आणि तळहातानं त्याच्या पाठीवर ठेका धरला. तो दचकला. मग त्यानं माईक तोंडाशी नेला आणि गाणं शेवटपर्यंत गायलं, कुठेही न चुकता. गिटारवाल्यानं वाजवणं थांबवलं नाही, एवढ्यासाठी त्याची पुण्याची सगळी मिजास मी माफ केली.

पुढचं गाणं मात्र गायकानं घेतलं नाही. माईक जागेवर लावला, चपला घातल्या आणि तो खाली उतरला. मी मागोमाग गेलो. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"लय गोड गायला रे बाप्पा," ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "काय म्हणते माय?"

मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. सगळ्या सोनाळ्यानं ऐकलं असेल. त्यानं मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. माझा दुसरा हात अजून त्याच्या पाठीवर होता आणि बोटं आपली ठेका देतच होती. त्यानं तो हात धरून हळूच खाली केला.

"पाठीवर नको बे," तो म्हणाला. "मले कानात पायजे होतं."