न्हाणीघराच्या कडीची गाडी

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या दाराला न्हाणीघराची कडी होती. कडीसारखं काहीतरी नव्हे, खरीखुरी कडी. आंघोळीला गेल्यावर आपण आतून सरकवतो ना, ती. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा गाडी आमच्या मालकीची होऊन चुकली होती आणि आम्ही अड्यारच्या सिग्नलला उभे होतो. मी इतकी हसले की शेजारचा रिक्षावाला वाकून आमच्या गाडीत बघायला लागला, आणि कडी दिसल्यावर तोही हसला.

आधी कशी दिसली नाही, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण एवढंच की गाडी विकणारे आजोबा मराठी बोलत होते. चेन्नईत राहणाऱ्या आम्हा महाराष्ट्रातल्या मंडळींची ही खोडच आहे. बाहेर कुणी मराठी बोललं की आमची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहते. त्यातून हे तंजावरकडचे मराठी, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. मराठी जुनी, हेल तमिळ.

“गाडी कोठें पळून जाते? अगोदर कॉफी घ्या की,” ते म्हणाले, आणि आम्ही विरघळलोच. आतल्या खोलीतून त्यांची बायको सारखी काहीतरी ओरडून सांगत होती. आजोबांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते प्रत्येक वाक्याला “हो, हो” म्हणत होते आणि आमच्याशी भलतंच बोलत होते. आम्ही कॉफी प्यायलो, एकमेकांची गावं विचारली आणि गाडी घेऊन आलो. व्यवहार ठरेपर्यंत तिचं दार उघडूनही पाहिलं नव्हतं.

आणि हा सगळा खटाटोप होता माझ्या आईसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी तिला कराडहून आमच्याकडे घेऊन आले होते. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. रिक्षात पाय वर उचलावा लागे, टॅक्सीत खाली वाकावं लागे, आणि दोन्ही तिला जमत नव्हतं. गॅलरीत बसून नारळाची झाडं बघायची, एवढाच तिचा दिवस. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तो तिने अजून पाहिला नव्हता. “दसरा झाला की मी जाते परत,” असं तिने जाहीर केलं होतं. कराडच्या घरात दुसरं कुणी नाही. तिथे ती एकटी पडून राहील, हे मला नको होतं. आपली गाडी असली, रोज फिरायला नेलं, तर राहील, असं मला वाटत होतं.

तर सिग्नल सुटला, आणि पुढच्या दहा मिनिटांत गाडीने आपले सगळे गुण उधळले. काच खाली करायच्या हँडलच्या जागी पितळी नळाची चावी होती. ती फिरवली की काच उतरायची आणि पाणी येईल असं वाटून मी हात मागे घ्यायचे. माझी सीट चक्क जेवायच्या पाटावर बसवलेली होती, त्यामुळे मी नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, पालखीत बसल्यासारखी. डोक्यावरून कांजीवरमच्या जरीकाठाची जाड वेणी लोंबत होती. पेट्रोलच्या टाकीला कॉफीच्या फिल्टरचं झाकण. आणि माझ्या गुडघ्याशी, घराच्या दारावर असतं तसं घंटीचं बटण. मी ते दाबलं. आवाज काहीच नाही, पण नवऱ्याच्या समोर एक लाल दिवा लागला. मी परत दाबलं. परत लागला. घर येईपर्यंत मी दुसरं काही केलंच नाही.

“पुरे!” नवरा म्हणाला.

त्याला हसू येत नव्हतं, आणि येणारही नव्हतं. तो सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. वाकडा स्क्रू दिसला की त्याला जेवण जात नाही. “आईंना बसवायचं ते धड गाडीत,” असं म्हणून त्याने खाली उतरलेल्या आईला गाडीजवळ येऊसुद्धा दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी गिंडीच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “सार, इदु कारा, वीडा?” ही गाडी आहे की घर? मग त्याने सगळ्या गॅरेजला बोलावून कडी दाखवली.

नवमीच्या सकाळी गाडी परत आली ती अगदी शहाणी होऊन. आपली खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा, त्यामुळे रस्त्यात जो तो आपापलं वाहन धूत होता. आईने आमच्या गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, शेजारणीने सांगितलं तशी चाकांखाली लिंबं ठेवली. नवी साडी नेसली होती. समुद्रावर जायचं ठरलं होतं.

आणि तिला बसताच येईना. सीट खाली, धरायला काही नाही. एकदा पाठमोरी, एकदा कडेने, एकदा आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. तिसऱ्या खेपेला ती कळवळली, आणि आम्ही थांबलो.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “तू माझं तिकीट काढ.”

ती लिफ्टकडे गेली आणि मला रडू फुटलं. रडता रडताच डोळ्यांसमोर पाट आला. तो कशासाठी बसवला होता, हे विचारायला मी आजोबांना फोन लावला. ते “हो, हो” म्हणाले आणि आमच्या घरच्यांची खुशाली विचारायला लागले. तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

“ह्यांस काय विचारता? सगळें मी करविलें तें,” आजी कडाडल्या. “माझे गुडघे गेले तेव्हां. पाट बसायास, काठ धरून उठायास. तो नळ बोटांस सोपा पडतो. कडीसुद्धां.”

“आणि तो लाल दिवा?”

“ओरडून ह्यांस ऐकूं येतें काय? वळा म्हणायाचें तर दिवा.” मग त्यांचा सूर बदलला. “काढलें काय तें? अय्यो! कोणी सांगितलें काढा म्हणून?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. पण एक सांगते, तपासणी खात्यातला माणूस नाकारलेला माल फेकत नाही. तो डिकीकडे गेला आणि त्याने एक गोणी बाहेर काढली. कडी, नळाची चावी, पाट, जरीची वेणी, बटण, दिवा. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर लाल अक्षरांत ‘नामंजूर’. मी पार्किंगमध्ये जमिनीवर बसून हसले. या माणसाशी मी लग्न केलं याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग तो गाडीखाली शिरला आणि फोनवरून आजी हुकूम सोडू लागल्या. “पाट उलटा नको लावूं! सरळ!” त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं, पाट उलटाच होता. सगळं बसवून झाल्यावर नवऱ्याने चिठ्ठ्या काढायला हात घातला, तर मी त्याला काढू दिल्या नाहीत.

आईला हाका मारमारून खाली आणलं. तिने वेणी धरली, पाटावर टेकली आणि पाय आत ओढून घेतले. कुणी हात लावला नाही. मग तिने स्वतःच कडी सरकवली. लिंबं चिरडत गाडी निघाली.

समुद्रापर्यंत मी मागच्या सीटवरून तिला एकेक जागा दाखवत होते, पण ती ऐकेल तर शपथ. तिचं सगळं लक्ष बटणावर. गाय दिसली, दाब. आयुधपूजेचा भोपळा कुणी रस्त्यावर फोडला, दाब. लाटा दिसल्या तेव्हा तर तिने बोट काढलंच नाही. “आई, दिवा जळेल,” नवरा म्हणाला, आणि पहिल्यांदा तोही हसला.

घरी पोचल्यावर मी उतरून तिच्या बाजूला गेले. दार उघडेना. आतून कडी.

“आई, उतर की.”

“जावईबापू,” ती समोर बघत म्हणाली, “अजून एक चक्कर.”

मी खिडकीत वाकले. “आणि तिकिटाचं काय करायचं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, नळाची चावी पकडली आणि सावकाश फिरवत काच वर करून घेतली. मग नवऱ्याच्या समोर लाल दिवा लागला.