चांगदेवने केलेली साफसफाई

चांगदेव काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बसायचा. बसायचा म्हणजे अकरा वर्षं बसलाच होता. कंबर गेली, चष्म्याचा नंबर वाढला, खुर्ची मात्र तीच. कॉम्प्युटरही थकलेला. सी ड्राइव्ह दर महिन्याला भरायचा, पट्टी लाल व्हायची आणि ऐन गर्दीत बिल छापताना मशीन मान टाकायचं. बाहेर गाड्यांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. मग डिस्क क्लीनअप उघडून टेम्पररी फाइली आणि जुन्या अपडेटचा गाळ उपसायचा. विंडोजच्या फोल्डरमध्ये घुसून आपल्या हाताने काही पुसायचं नाही, हा नियम त्याने उपासासारखा पाळला होता.

पण शहाण्यालाही एखादी खोड असतेच. गोडाऊनमध्ये फुटलेलं खोकं कोणी फेकत नाही. हेड ऑफिसचा माणूस बघून जाईपर्यंत ते फुटीच्या कोपऱ्यात पडून राहतं. चांगदेवने कॉम्प्युटरच्या रीसायकल बिनचा तसाच कोपरा करून टाकला होता. फुटलेल्या मालाचे सगळे फोटो तिथे.

त्या मंगळवारी पट्टी पुन्हा लाल झाली. वर तापलेले पत्रे, डोकं भणाणलेलं. क्लीनअपची यादी तोंडपाठ होती म्हणून त्याने ती वाचलीच नाही. एरवी आठवणीने काढायचा ती रीसायकल बिनपुढची टिक तशीच राहिली आणि त्याने ओके दाबलं. सहा जीबी मोकळे झाले. त्याला बरंसुद्धा वाटलं.

बुधवारी मॅनेजर भूपेश हमाल नामाला घेऊन आला. मागच्या आठवड्यातले चार फ्रिज नामाने आपटले, असा रिपोर्ट तयार होता. त्याला कामावरून काढायचं ठरलं होतं. फक्त ऑपरेटर म्हणून चांगदेवची सही बाकी.

"काका, फोटू दाखवा ना यांना," नामा म्हणाला. "गाडीचा दरवाजा उघडला तवाच काढलेलं. तुमी वायर लावून उतरून घेतलं, मंग मी माज्या मोबाईलमदलं पुसलं. जागाच न्हवती."

चांगदेवने बिन उघडला. रिकामा. कोणी काही बोलायच्या आधीच त्याला स्वतःची लाज वाटली. आजवर असल्या शेकडो रिपोर्टांवर त्याने न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आता तर तो इतका दमला होता, की आणखी एक ठोकणंच सोपं होतं.

त्याने सही केली नाही. रिपोर्टाखाली लिहिलं: माल फुटूनच आला. फोटो मी पाहिले होते, आणि मीच पुसले.

"अहो काका, हे तुमच्यावर शेकेल," भूपेश म्हणाला.

"शेकू दे. पुसले मी, तर त्याच्यावर का शेकावं?"

नामा राहिला. चांगदेवची खुर्ची गेली. सोमवारपासून छप्पन्नाव्या वर्षी त्याची ड्युटी गाड्या उतरवण्यावर लागली. पहिल्याच गाडीत फ्रिज होते. तो वाकला आणि कमरेतून कळ निघाली. तेवढ्यात नामाने खोक्याचं अख्खं वजन आपल्या पाठीवर घेतलं.

"तुमी निस्ता हात लावून चाला, काका," तो हळूच म्हणाला. "सायेब बघतंय तवर."