खलनायकाचा गळा आणि न दिसणारे फोकस

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक. माझं हसणं असं, की शंकरपटाच्या मैदानावर शर्यतीला आणलेले बैल दावी तोडून थेट आपापल्या गोठ्यात जाऊन उभे राहत. बायको म्हणते, एकच बैल होता आणि तो तसाही द्वाड होता. तिचं सोडा.

एका हंगामाच्या शेवटी आवाज बसला, तो महिना उलटला तरी उठेना. हसलो की लोहाराच्या फाटक्या भात्यासारखी नुसती हवा. प्रेक्षकांना वाटलं, खलनायक सुधारला.

चंद्रपुरात डॉक्टरबाईंनी नाकातून दुर्बीण घातली, गळ्यातला तुकडा काढून तपासला. स्वरयंत्रावर कॅन्सरची लहानशी गाठ.

"लवकर आलात. नुसत्या किरणांनी बरं होण्यासारखं आहे. आवाजही बहुधा वाचेल."

हे 'बहुधा' मला परवडणारं नव्हतं. माझ्याजवळ ना शेत, ना दुकान. होता तो गळाच.

"पण बाई, गाठीपर्यंत जाता जाता मधलं मांस नाई का भाजणार?"

"स्टेजवर फोकस कसे लावता?"

"चारी बाजूनं. एकेकाचा उजेड फिका. सगळे मिळतात तिथं नटाच्या नाकातले केस मोजून घ्या."

"तसंच. किरण वेगवेगळ्या बाजूंनी येतात, पुरा मार गाठीवर बसतो."

"मंग एकाच दिवशी सारं देऊन टाका. मले घरी कामं आहेत."

"कोन्ती कामं?" बायकोनं विचारलं. मी ऐकलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, किरण पेशींची आतली वीण तोडतात. निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून रोज थोडं थोडं, काही आठवडे.

मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर ओढून माझा साचा काढला. रोज तो साचा चढवायचा आणि टेबलाला अडकवायचा, म्हणजे मान केसभरही हलू नये. पहिल्या दिवशी मशीन भोवती फिरू लागली. दुखणं नाही, चटका नाही, दिसायला काहीच नाही. पडल्या पडल्या मी संवाद घोळवायला लागलो. मशीन थांबली. मशीन चालवणारी पोरगी धावत आत आली आणि साचा काढला.

"काका, काय करून राह्यले?"

"मनातल्या मनात तालीम."

"मनातल्या मनात? तुमचा गळा बेडकावानी हलून राह्यला! तिथंच नेम आहे आमचा. गळा सरकला, तर किरण भलतीकडं जाईल."

त्या दिवसापासून मी मशीनखाली मढ्यासारखा पडलो. साऱ्या आयुष्यातली सर्वात अवघड भूमिका. बायको पोरीला म्हणाली, "लग्नापासून पहिल्यांदा यायले गप पाह्यलं. मशीन घरी नेता येईन का, बाई?"

पुढं घास गिळताना काटे टोचू लागले, मानेची कातडी काळवंडली आणि उरलासुरला आवाजही गेला. आतून सूज आहे, उतरेल, असं डॉक्टरबाई सांगत. गावातली शेजारीण मात्र लेकरांना माझ्यापासून लांब ओढायची. याच्या अंगातून किरण निघत असतील!

"काऊन वो?" बायको कडाडली. "बल्ब इझवल्यावर खोलीत उजेड राह्यते का? मशीन बंद, किरण खतम!"

काही महिन्यांनी दुर्बिणीत गाठ दिसली नाही. मी तडक वडशाला, आमच्या नाटक कंपनीत गेलो. दुपारी तालीम चालू होती आणि माझ्या जागी दुसरा नट मिशा पिळत होता.

मालक नजर चुकवत म्हणाला, "भाऊ, तुम्ही हिरोइनच्या बापाचं काम करा. दुसऱ्याच प्रवेशात मरते, जास्त बोलाचं नाई."

मी पुढं झालो. पोट आवळलं आणि हसलो.

आवाज पहिल्यापेक्षा खाली उतरला होता, त्याला गिट्टीची खरखर आली होती. खिडक्या थरथरल्या. हिरोइन मागं सरकता सरकता पेटीवाल्याच्या मांडीत बसली. रुळावरची मालगाडी थांबली म्हणतात, ती मी पाहिली नाही.

मालक खुर्चीतून उठला. "भाऊ, पहिले नुसतं भेव वाटे. आता तुमच्यावर पोलीस ठाण्यात रिपोर्ट लिहून टाकाव वाटते!"

बापाचं काम त्या दुसऱ्या नटाला गेलं. दुसऱ्या प्रवेशात तो मरतो माझ्याच हातून, आणि त्याच्या छातीवर पाय ठेवून मी पोटभर हसतो.