सखू, ठकू आणि मावशी

माझी मावशी एखाद्या गोष्टीत पडली की त्या गोष्टीचीच दया यावी, असं आमच्या अख्ख्या घराण्याचं एकमत आहे. अमेरिकेत सनीव्हेलच्या थंडीत दही लागेना, तेव्हा तिनं विरजणाच्या भांड्यात थर्मामीटर सोडला आणि तीन दिवस त्या दह्याची तापाच्या पेशंटसारखी शुश्रूषा केली. पासष्टाव्या वर्षी ती पोहायला शिकली, आणि तिसऱ्या आठवड्यात कोचलाच श्वास कसा घ्यावा ते शिकवू लागली. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत तिनं तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक तारा जोडल्या. पुढे हात थरथरायला लागले आणि तिनं स्वतःहून नोकरी सोडली. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती एकटीच राहते; पण एकटं माणूस म्हणून कुणी हळहळायला गेलं, तर त्यालाच काहीतरी शिकवून परत पाठवते.

गेल्या वर्षी एका शनिवारी तिचा फोन आला. "अरे, मी दोन मुली दत्तक घेतल्यात. येऊन बघ." मी सांता क्लाराहून पेढे घेऊन गेलो. दिवाणखान्यात काचेच्या दोन पेट्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक पिवळी, अंगभर काळे ठिपके असलेली, जाड शेपटीची पाल माझ्याकडे बघत होती. मावशी लायब्ररीत पुस्तक परत करायला गेली होती. तिथे दारातच एका प्राणिसंस्थेनं टेबल मांडलेलं. या दोन लेपर्ड गेकोंचा मालक परदेशी गेला होता आणि दिवसभरात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुस्तक परत द्यायचं राहिलं, या दोघी मात्र घरी आल्या.

"मावशी, या पाली आहेत," मी दारातूनच म्हणालो. लहानपणापासून मला पालीची भयंकर भीती.

"पाल भिंतीवर चढते. यांना चढता येत नाही. शिवाय यांना पापण्या आहेत. पापण्या असलेल्या मुलीला पाल म्हणू नये," मावशीनं निकाल दिला आणि त्या दोघींना, म्हणजे सखूला आणि ठकूला, पेढ्यांचा बॉक्स नुसता दाखवला.

पुढचे काही आठवडे तिच्या घरी दुसरा विषय नव्हता. एका पेटीत दोघी भांडतात असं कळल्यावर तिनं जावाजावांचे संसार वेगळे करावेत तशा दोन पेट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीला एक गरम खोली, एक थंड खोली आणि कात टाकायला ओलं शेवाळ घातलेलं न्हाणीघर. "मला या देशात तीन खोल्या मिळायला बारा वर्षं लागली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची. खरी पंचाईत जेवणाची होती. मावशी जन्मात अंड्याच्या केकलाही शिवलेली नाही आणि या दोघींना लागायचे जिवंत रातकिडे. दोन दिवस तिनं विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डबा भरून रातकिडे आणले. त्यांना ती गाजर किसून घालायची, कोथिंबीर निवडून घालायची. मी हसलो तर म्हणाली, "उद्या बिचारे जाणारच आहेत. आज तरी पोटभर जेवू देत." एकदा तिच्याकडे मराठी मंडळाच्या मीटिंगला बायका पोहे खात असताना तो डबा कलंडला. मीटिंग तिथेच कॅन्सल झाली. फ्रिजमागे दडलेला एक रातकिडा पुढे दोन आठवडे गात होता.

आणि मग ठकूनं जेवण सोडलं. आधी मावशीनं मनावर घेतलं नाही. नव्या घरी आलेली पोर रुसते, म्हणाली. पण शेपटी बारीक व्हायला लागली. या प्राण्यांची सगळी शिदोरी शेपटीत असते. मावशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं रोज वजन करायची आणि मला फोनवर नुसता आकडा सांगायची. एका सकाळी तिनं आकडाही सांगितला नाही. "गाडी काढ," एवढंच म्हणाली.

असल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं. जुनी कात पापण्यांखाली चिकटून राहिली होती. ठकूला समोरचा किडा दिसतच नव्हता. एक डोळा त्यांनी तिथेच साफ केला. दुसऱ्यातली कात घट्ट होती. औषधाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं ती रोज थोडी थोडी सैल करायची, ओढायची नाही; डोळ्याला इजा झाली तर तो जाईल, असं त्यांनी बजावलं. मावशीनं आपल्या हातांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तू करशील?"

घरी आल्यावर मी काडी हातात घेतली. ठकूनं मान वळवली आणि मी काडीसकट दाराशी पोचलो. मावशी रागावली नाही. तिनं टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, टेबलावर ठेवून त्यावर मनगट दाबून धरलं, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि श्वास सोडून थांबली. हात कापतच होता. दोन थरथरींच्या मधे जो क्षणभर निवांतपणा मिळायचा, तेवढ्यातच ती काडी टेकवायची आणि मागे घ्यायची. पुन्हा वाट बघायची. तीस वर्षं तिनं काय काम केलं असेल, ते मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा दिसलं. असं पाच दिवस चाललं. पाचव्या संध्याकाळी पापणीखालून कातीचा बारीकसा पापुद्रा काडीला चिकटून आला. ठकूनं डोळा उघडला, जिभेनं चाटला, आणि मावशीनं चिमट्यात धरलेल्या अळीवर अशी झडप घातली की मी ओरडलोच.

"बघितलंस माझ्या पोरीला!" मावशी म्हणाली. मी ठकूकडे बघत नव्हतो. ऑफिसात त्या आठवड्यात मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी "माझी सख्खी मावशी" हे शब्द जरा मोठ्यानंच निघाले.

ठकूची शेपटी आता चांगली भरली आहे. परवा जेवून निघताना मावशी भांडी पुसता पुसता सहज म्हणाली, "नीट सांभाळलं तर या वीस वर्षं जगतात म्हणे."

"मग छानच की."

"मला एकाहत्तर झाली रे." भांडं जागेवर ठेवून ती वळली. "नेशील ना दोघींना?"

तुला काही होत नाही, असलं काहीतरी ओठांवर आलं होतं. पण तिला खरं उत्तर हवं होतं. "नेईन," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुढचं भांडं पुसायला घेतलं.

तिच्याकडून माझं घर जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी मी गाडी फार हळू चालवत आलो.